कीबोर्ड साफ केल्यानंतर संगणक तो ओळखत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्ड साफ केला आणि तो बंद पडला, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी आम्हाला विचारण्यापूर्वीच तो चार-पाच वेळा काढून-लावून पाहिलेला असतो. कीबोर्ड ओला असेल तर नेमके हेच टाळायला हवे. म्हणून पहिला प्रश्न सर्वांनी वाचावा. त्यापुढचे आपापल्या अडचणीप्रमाणे वाचले तरी चालतील. काही उत्तरांत दुसऱ्या उत्तरांचा हवाला दिला असल्यामुळे प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. कीबोर्ड साफ करून परत जोडला, तर काहीच टाइप होत नाही. सर्वांत आधी काय करावे?

साफ करताना पाणी, अल्कोहोल, फवाऱ्याचे द्रावण किंवा ओलसर पुसणी यांपैकी काहीही वापरले असेल, तर कीबोर्ड लगेच संगणकापासून सोडवावा, वायरलेस असल्यास बॅटरी काढावी आणि प्रश्न ७ वाचावा. नुसते पाणी सर्किटचे फारसे नुकसान करत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की ते होते. त्यामुळे ‘आता वाळला असेल का’ हे पाहण्यासाठी दर अर्ध्या तासाने कीबोर्ड जोडणे हा सर्वांत महाग पडणारा प्रयोग आहे.

सफाई पूर्णपणे कोरडी असेल, म्हणजे फक्त ब्रश, सुके कापड किंवा हवेचा फवारा वापरला असेल, तर प्लग काढून त्याच्या तोंडात धागा किंवा धूळ अडकली आहे का ते पाहावे, हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा मॉनिटरवरचे पोर्ट टाळून थेट संगणकाच्या दुसऱ्या पोर्टमध्ये तो जोडावा आणि संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे पुरेसे ठरेलच असे नाही, कारण विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे शट डाउन करताना प्रणालीची काही अवस्था जतन केली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

२. ‘संगणक कीबोर्ड ओळखत नाही’ आणि ‘कीबोर्डच्या कळा चालत नाहीत’ यांत फरक तो काय?

फरक मोठा आहे, आणि या पानावरचे निम्म्याहून अधिक प्रश्न तो लक्षात न आल्यामुळे पडलेले आहेत. कीबोर्डचे दोन भाग मानावेत. पहिला म्हणजे कळांखालची जाळी. शंभरावर कळांना शंभर स्वतंत्र तारा नसतात. आडव्या आणि उभ्या रेषांचे जाळे असते आणि कळ दाबली की एक आडवी रेष एका उभ्या रेषेला टेकते. दुसरा भाग म्हणजे कंट्रोलरची छोटी चिप. ती या रेषा सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि कोणती कळ दाबली गेली ते केबलमधून संगणकाला कळवते.

यूएसबी कीबोर्ड जोडताक्षणी संगणकाशी बोलते ती ही चिप. पोर्टमधून तिला ५ व्होल्ट मिळतात, ती डेटाच्या दोन तारांपैकी एका तारेवरचा दाब वर ओढून आपण आल्याची वर्दी देते, आणि संगणकाने विचारल्यावर ‘मी कीबोर्ड आहे, अमुक निर्मात्याचा अमुक नमुना आहे’ अशी माहिती पाठवते. या संवादात कळांचा काहीही संबंध येत नाही. कळांची जाळी पूर्णपणे काढून ठेवली, तरी बहुतेक कीबोर्ड ओळखले जातात.

यावरून निष्कर्ष असा निघतो की कीबोर्ड ओळखलाच जात नसेल, तर दोष प्लग, केबल, आतली जोडणी, चिप किंवा पोर्ट यांत शोधावा. कळा उपटून त्यांखाली पुन्हा पुन्हा अल्कोहोल ओतण्यात अर्थ नाही. उलट कीबोर्ड ओळखला जात असेल आणि तरी अक्षरे उमटत नसतील, तर पोर्ट बदलण्यात आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) शोधण्यात वेळ घालवू नये. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड मात्र या नियमाला अपवाद आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

३. माझा कीबोर्ड ओळखला गेला आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासता येईल?

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे कॅप्स लॉकची कळ. ती दाबल्यावर लागणारा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची बातमी संगणकापर्यंत जाते, आणि ‘दिवा लाव’ अशी आज्ञा तेथून परत येते. म्हणून दिवा लागत-विझत असेल, तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही मार्ग शाबूत आहेत असे समजावे. कळांखालचा रंगीबेरंगी प्रकाश मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण त्याला फक्त वीज लागते. डेटाच्या तारा तुटलेल्या असल्या तरी तो झगमगत राहू शकतो.

कॅप्स लॉकची कळच बिघडली असेल तर? अशा वेळी विंडोजच्या संगणकाला दुसरा चालू कीबोर्डही जोडावा आणि त्यावरची कॅप्स लॉक दाबावी. विंडोज हा दिवा साधारणपणे जोडलेल्या सर्व कीबोर्डांवर एकत्र लावते. आपल्या ‘मेलेल्या’ कीबोर्डावरचा दिवा लागला, तर तो ओळखला गेलेला आहे आणि दोष कळांच्या बाजूला आहे, हे एका क्षणात कळते.

याशिवाय विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर, मॅकमधील सिस्टम इन्फर्मेशनचा यूएसबी विभाग आणि लिनक्समधील ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवते. कीबोर्ड काढून आणि पुन्हा लावून यादीत फरक पडतो का, एवढेच पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय चालू असेल, तर फिकट चिन्हांना भुलू नये. ती पूर्वी कधी तरी जोडलेल्या उपकरणांची असतात.

४. कीबोर्डच चालत नाही, मग पासवर्ड टाकून आत कसे जायचे?

विंडोजच्या लॉगिन पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात सुलभतेचे चिन्ह असते. माऊसने ते उघडून पडद्यावरचा कीबोर्ड सुरू करावा आणि त्यावर टिचक्या मारत पासवर्ड भरावा. मॅकच्या लॉगिन पडद्यावरही सुलभतेच्या पर्यायांत ही सोय आहे. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर पुसताना भाषा बदलली गेली आहे का ते पाहावे: इंग्रजीऐवजी मराठी इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली गेली, की कीबोर्ड अगदी ठणठणीत असूनही बिघडल्यासारखा भासतो.

५. दोष कीबोर्डचा आहे की संगणकाचा, हे कसे ठरवायचे?

अदलाबदल करून. आपला कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा कीबोर्ड आपल्या संगणकाच्या त्याच पोर्टला जोडून पाहावा. एकच बाजू तपासून निकाल देऊ नये, कारण सफाईच्या वेळी केबलला बसलेल्या हिसक्याने पोर्ट आणि प्लग दोन्ही सैल झालेले असू शकतात. दुसरा संगणक हाताशी नसेल, तर बऱ्याचशा अँड्रॉइड फोनना ओटीजी अडॅप्टर (फोनच्या खाचेत यूएसबी उपकरण जोडू देणारा छोटा जोड) लावून यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. तेवढी तपासणी पुरेशी आहे. ही अदलाबदल कीबोर्ड पूर्ण वाळल्यावरच करावी, नाही तर एका यंत्रावरचे संकट दोन यंत्रांवर जाते.

६. मी फक्त सुक्या कापडाने पुसला, तेही कीबोर्ड जोडलेला असताना. थेंबभर पाणी नव्हते. तरी टाइप का होत नाही?

जोडलेला कीबोर्ड पुसणे म्हणजे डोळे मिटून शेकडो कळा दाबणे होय. संगणक त्या सर्व दाबांना आज्ञाच समजतो. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरली की ‘फिल्टर कीज’ सुरू करण्याची विचारणा होते, आणि पुसता पुसता एंटरवर हात पडला की तिला होकारही दिला जातो. त्यानंतर थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय कळांची दखलच घेतली जात नाही. शिफ्ट पाच वेळा दाबली तर अशाच रीतीने ‘स्टिकी कीज’ येतात, म्हणजे शिफ्ट-कंट्रोलसारखी कळ एकदा दाबली की सोडल्यावरही दाबलेली धरली जाते. दोन्ही सोयी सेटिंग्जच्या सुलभता विभागातील कीबोर्ड या पानावरून बंद करता येतात. त्या मुळात अपंग व्यक्तींसाठी आहेत आणि फार उपयुक्त आहेत. फक्त त्या नकळत चालू झाल्या, तर वापरणारा गोंधळतो.

काही कीबोर्डांवर स्वतःची कुलपेही असतात: विंडोज कळ बंद ठेवणारे, एफ-एन कळ कायमची दाबल्यासारखी ठेवणारे किंवा अक्षरांच्या आणि बाणांच्या कळांची अदलाबदल करणारे. ही कुलपे कीबोर्डच्या चिपमध्येच राहतात, त्यामुळे संगणक बदलूनही लक्षण बदलत नाही आणि कीबोर्ड खराब झाल्याची खात्रीच पटते. असे काही झाले असल्यास त्या नमुन्याच्या माहितीपुस्तिकेत मूळ अवस्थेत परत नेण्याची कळजोडी दिलेली असते.

कंट्रोल, ऑल्ट किंवा विंडोज यांपैकी एखादी कळ साफ करताना कडेला अडकून दाबलेलीच राहिली, तर प्रत्येक अक्षर शॉर्टकट बनते आणि मजकूर उमटत नाही. या तिन्ही कळा, डावीकडच्या आणि उजवीकडच्याही, एकेकदा जोराने दाबून सोडाव्यात.

७. ओला झालेला कीबोर्ड किती वेळ वाळू द्यावा?

हे कीबोर्डच्या रचनेवर अवलंबून आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कीबोर्डांत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वाहक शाईच्या रेषा असतात आणि मधला पापुद्रा भोके पाडलेला असतो. या पापुद्र्यांमध्ये शिरलेले पाणी केशाकर्षणाने पसरते आणि तेथेच दबून राहते. बाहेरून हात लावला तर कीबोर्ड खडखडीत कोरडा लागतो, पण आत दोन दिवसांनीही पाण्याचा थर सापडू शकतो. अशा मेम्ब्रेन कीबोर्डला न उघडता वाळवायचे असेल, तर ४८ ते ७२ तास द्यावेत. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि खाली एकच सर्किट बोर्ड असतो, हवा खेळायला जागा असते. तरी २४ तासांच्या आत तो जोडू नये.

वाळवताना कीबोर्ड उपडा आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे पाणी चिपकडे न जाता बाहेर येईल. कंट्रोलर बहुधा केबल जेथून आत शिरते त्याच्या जवळपास असतो. ती बाजू उंच ठेवावी. पंख्याची सरळ हवा मिळाली तर उत्तम. स्क्रू काढून पापुद्रे अलग करण्याची तयारी असेल, तर ते पुसून काही तासांत कोरडे होतात आणि तीन दिवसांची प्रतीक्षा वाचते. मात्र परत जुळवताना प्रश्न १२ मधील चुका टाळाव्यात.

८. हेअर ड्रायर, ऊन किंवा तांदळाचा डबा यांनी काम लवकर होईल का?

गरम हवेचा ड्रायर नको. कळांचे एबीएस प्लॅस्टिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि नळी जवळ धरली तर पातळ भाग त्याआधीच वाकतात. पापुद्रे सुरकुतले तर ते परत सपाट होत नाहीत. थंड हवेची सोय असेल तर ड्रायर हा पंख्यासारखा वापरता येतो. कडक उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते आणि लांब स्पेसबार वाकू शकतो, म्हणून सावलीतली वाहती हवा बरी. तांदळाचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण उघड्या हवेपेक्षा तो अधिक पाणी शोषत नाही आणि त्याची पिठूळ धूळ कळांच्या फटीत जाऊन बसते. शोषकच हवे असेल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

९. मी पाणी नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले होते. ते तर लगेच उडून जाते ना?

उडून जाते, पण दोन अटींवर. पहिली अट म्हणजे शुद्धता. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या द्रावणात उरलेले जवळजवळ सर्व पाणीच असते. अल्कोहोल उडून जाते आणि पाणी मागे राहते. सर्किटसाठी ९० टक्क्यांहून अधिक, शक्यतो ९९ टक्के शुद्धतेचे अल्कोहोल वापरावे. दुसरी अट म्हणजे जागा. उघड्या बोर्डवरून ते काही मिनिटांत उडते, पण पापुद्र्यांमध्ये किंवा स्विचच्या आत कोंडले तर त्यालाही तास लागतात.

आणखी एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. अल्कोहोल घाण विरघळवते, नाहीशी करत नाही. कळांवरची घाम-तेलाची चिकटी द्रावणाबरोबर वाहत जाऊन खाली बोर्डवर किंवा केबलच्या जोडणीत थर धरून बसू शकते. साफ करण्याआधी चालणारा कीबोर्ड साफ केल्यावर बंद पडण्यामागे बरेचदा हे स्थलांतर असते. उपाय म्हणजे थोडे नवे, स्वच्छ अल्कोहोल घेऊन मऊ ब्रशने तोच भाग पुन्हा धुणे आणि विरघळलेली घाण कापडाने टिपून घेणे. ॲसिटोन मात्र कधीही वापरू नये. ते एबीएस प्लॅस्टिकच विरघळवते.

१०. ‘यूएसबी उपकरण ओळखता आले नाही’ असा संदेश येतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसतो. याचा अर्थ काय?

अर्थ असा की काही तरी जोडले गेले आहे हे संगणकाला कळले, पण त्याने ओळख विचारल्यावर समजेल असे उत्तर आले नाही. मुळीच काही न दिसण्यापेक्षा ही स्थिती आशादायक आहे, कारण चिपपर्यंत वीज पोहोचत असल्याची शक्यता मोठी असते. डेटाच्या दोन तारांमध्ये ओलावा असणे, त्यांपैकी एक तुटत आलेली असणे किंवा ओलाव्यामुळे चिप पुन्हा पुन्हा रीसेट होत राहणे, ही सफाईनंतरची नेहमीची कारणे होत.

प्रथम संगणक बंद करून वीजपुरवठ्याची केबल काढावी, पॉवरचे बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे आणि मग सर्व जोडून पुन्हा सुरू करावे. अडकून पडलेले पोर्ट यामुळे मोकळे होऊ शकते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधील ते अनोळखी उपकरण अनइन्स्टॉल करून कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला लावावा. तरीही कोड ४३ कायम असेल आणि दुसऱ्या संगणकावरही तोच अनुभव येत असेल, तर दोष तारेत किंवा चिपच्या परिसरात आहे. ड्रायव्हर देणाऱ्या संकेतस्थळांकडे वळू नये. साध्या कीबोर्डसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींत आधीपासूनच असतो, आणि पुसण्याने तो हरवत नाही.

पोर्टवर वीज जास्त खेचली जात असल्याचा इशारा आला, प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर कीबोर्ड त्या क्षणी काढावा आणि उघडून पाहिल्याशिवाय परत जोडू नये. कीबोर्डमध्ये ५ व्होल्टची तार जमिनीच्या तारेला मिळाल्याचे ते लक्षण आहे.

११. माझ्या कीबोर्डची केबल वेगळी निघते. सफाईनंतर जोडली, दिवे लागतात, पण यादीत कीबोर्डच येत नाही.

तीच केबल परत लावली आहे का, हे आधी तपासावे. टाइप-सी केबल दिसायला सारख्या असतात, पण काही स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. टेबल आवरताना केबलींची अदलाबदल झाली, की दिवे लागतात आणि ओळख मात्र पटत नाही. हे लिहिणाऱ्याने स्वतः एक अख्खी संध्याकाळ स्विच तपासण्यात घालवल्यावर शेवटी केबल बदलून पाहिली होती, आणि म्हणून हा प्रश्न येथे आग्रहाने घेतला आहे.

फोनची माहिती संगणकावर उतरवता येते अशी खात्रीची केबल घेऊन पाहावे. कीबोर्डच्या खाचेत धाग्यांचा गोळा असेल तर प्लग पूर्ण बसत नाही. कीबोर्ड वीजरहित असताना लाकडी काडीने तो हलकेच काढावा, सुई किंवा पिन वापरू नये. प्लग एका बाजूने लावल्यास चालतो आणि उलटवल्यास चालत नाही, असे असेल तर त्या खाचेतील एखाद्या पिनवर घाण आहे किंवा ती वाकली आहे.

१२. कीबोर्ड पूर्ण उघडून साफ केला आणि परत जुळवला. आता तो अजिबात चालत नाही. काय चुकले असेल?

लक्षणाप्रमाणे शोधावे. कीबोर्ड ओळखलाच जात नसेल, तर केबल आतल्या बोर्डला ज्या छोट्या चार किंवा पाच पिनांच्या प्लगने जोडली जाते तो प्लग तिरका किंवा अर्धवट बसला असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. दुसरे म्हणजे झाकण लावताना केबलची एखादी तार स्क्रूच्या खांबाखाली चेपली गेली असेल. मल्टिमीटर (तारेतून वीज वाहते का ते दाखवणारे मापक) असेल तर केबलच्या दोन्ही टोकांमध्ये चारही तारा अखंड आहेत का ते तपासावे आणि तपासताना केबल थोडी हलवून पाहावी, कारण तुटत आलेली तार एरवी जुळल्यासारखी दाखवते. रूढ रंग असे: लाल तार ५ व्होल्टची, काळी जमिनीची, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. सर्वच निर्माते हे रंग पाळत नाहीत, त्यामुळे रंगापेक्षा पिनवर विश्वास ठेवावा.

कीबोर्ड ओळखला जात असेल, पण एकही कळ किंवा कळांचे मोठे गट चालत नसतील, तर मेम्ब्रेनचे शेपूट पाहावे. पापुद्र्यांची एक पट्टी कंट्रोलरच्या बोर्डवरील काळ्या संपर्कबिंदूंवर नुसती दाबून बसवलेली असते. तेथे डाग (सोल्डर) दिलेला नसतो. त्या पट्टीवरचे दोन-तीन स्क्रू सैल राहिले किंवा पट्टी केसभर सरकली, तरी जाळीतल्या काही रेषा तुटतात आणि एका रेषेवरच्या सर्व कळा एकदम गप्प होतात. काळे बिंदू खरवडू नयेत, तो कार्बनचा थर आहे. अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने ते हलके टिपावेत.

एखाददुसरीच कळ चालत नसेल आणि कीबोर्डचे स्विच काढता-घालता येण्यासारखे असतील, तर तो स्विच उपटून पाहावा. घालताना त्याचा एक पाय दुमडला गेलेला असतो. चिमट्याने सरळ करून परत बसवला की काम होते.

१३. वायरलेस कीबोर्ड साफ केल्यावर जोडला जात नाही. यालाही हेच नियम लागू होतात का?

वाळवण्याचे नियम तेच, बाकीचे वेगळे. पुसताना तळाचे चालू-बंदचे बटण सरकलेले असते, बॅटरी उलट बसलेली असते किंवा तिच्या टोकांच्या पत्र्यावर ओलावा असतो. हे तिन्ही आधी पाहावे. एकाहून अधिक उपकरणांशी जोडता येणाऱ्या कीबोर्डवर वाहिनी बदलणारी कळ दाबली गेली, तर तो भलत्याच उपकरणाला शोधत बसतो. ब्लूटूथ असेल तर संगणकाच्या यादीतून कीबोर्ड काढून टाकून जोडणी नव्याने करावी.

छोटा यूएसबी रिसीव्हर वापरणाऱ्यांनी तो आपल्याच कीबोर्डचा आहे याची खात्री करावी, कारण रिसीव्हर आणि कीबोर्ड यांची जोडी साधारणपणे ठरलेली असते. रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पोर्टशेजारी खुपसून ठेवला असेल, तर त्या पोर्टच्या वापरामुळे २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात निर्माण होणारा गोंगाट अडथळा आणू शकतो. छोटी जोडकेबल लावून तो थोडा दूर ठेवावा.

१४. माझा जुना, गोल पिनचा कीबोर्ड आहे. सफाईनंतर परत लावला तर ओळखत नाही.

सहा पिनांची ती गोल जोडणी पीएस/२ प्रकारची आहे, आणि संगणक चालू असताना ती काढण्या-घालण्यासाठी बनवलेली नाही. संगणक बंद करावा, प्लग जांभळ्या खाचेत लावावा (हिरवी माऊसची असते) आणि मग संगणक सुरू करावा. प्लग जबरदस्तीने फिरवल्यामुळे एखादी बारीक पिन दुमडली असेल तर ती अलगद सरळ करावी. सुरू होताना ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा’ अशा अर्थाचा संदेश आला तर त्यावर हसून घ्यावे. तो संदेश जुन्या संगणकांवर खरोखर येत असे.

१५. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड साफ केल्यावर बंद पडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो व्यवस्थित दिसतो. मग दोष कळांतच म्हणायचा ना?

नाही, आणि प्रश्न २ मधील नियमाचा हाच मोठा अपवाद आहे. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये कळांची जाळी तपासणारी चिप कीबोर्डमध्ये नसते, मदरबोर्डवर असते, आणि ती विंडोजला पीएस/२ कीबोर्ड म्हणून दिसते. कीबोर्ड जोडणारी चपटी रिबन केबल पूर्ण निघून आली असली, तरी मदरबोर्डवरची चिप हजेरी लावतच राहते. त्यामुळे लॅपटॉपच्या यादीतल्या नोंदीला काहीही पुराव्याचे मोल नाही.

बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून काम चालते का ते पाहावे. चालत असेल, तर रिबन केबलची खाच, तिची कडी आणि मग कीबोर्ड अशा क्रमाने संशय घ्यावा. ती कडी उचलून रिबन पूर्ण आत सारायची आणि मग कडी मिटायची असते. कडी न उघडता रिबन ओढली तर तिच्या टोकावरच्या पट्ट्या सोलून निघतात. लॅपटॉप उघडल्यावर कोणत्याही भागाला हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवावी.

द्रव आत गेला असेल तर मात्र प्रतीक्षा हा उपाय नाही. सुट्या कीबोर्डच्या खाली टेबल असते, लॅपटॉपच्या कीबोर्डखाली मदरबोर्ड आणि बॅटरी असते. चार्जर काढावा, यंत्र पूर्ण बंद करावे, उपडे ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर जाणकाराकडून उघडून घ्यावे.

१६. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) कीबोर्ड चालतो, विंडोज सुरू झाले की बंद. दुसऱ्या एकाचे अगदी उलट होते. दोन्हींचे कारण काय?

बायोसमध्ये चालणारा कीबोर्ड ओळखीच्या दृष्टीने निरोगी आहे. विंडोजमध्ये प्रश्न ६ मधील सोयी बंद आहेत का ते पाहावे, कीबोर्डसोबत आलेला निर्मात्याचा प्रोग्राम काढून टाकून रीस्टार्ट करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्डची नोंद अनइन्स्टॉल करून ती नव्याने बनू द्यावी.

उलट स्थितीत, म्हणजे विंडोजमध्ये चालून बायोसमध्ये न चालल्यास, हब टाळून मदरबोर्डवरच्या मागील पोर्टला कीबोर्ड जोडावा आणि बायोसमधील जलद सुरुवातीचा पर्याय बंद करावा. काही गेमिंग कीबोर्डांच्या मागच्या कडेला बायोससाठीचे बारीक बटण असते. पुसताना ते सरकले की नेमके हेच घडते.

१७. साफ केल्यापासून कीबोर्ड यादीत दिसतो, पण भलत्याच नावाने, आणि टाइप होत नाही.

क्यूएमकेसारखे फर्मवेअर (कीबोर्डच्या चिपमध्येच राहणारा, बदलता येणारा प्रोग्राम) असलेल्या मेकॅनिकल कीबोर्डांच्या बाबतीत हे आढळते. अशा बऱ्याच कीबोर्डांत वरच्या डाव्या कोपऱ्यातली कळ, बहुधा एस्केप, दाबून धरून केबल जोडली तर कीबोर्ड नेहमीचे काम सोडून नवे फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेत जातो आणि संगणकाला वेगळे उपकरण म्हणून दिसतो. त्या कळेखाली ओलावा राहिला किंवा ती अडकली, तर चिपला ती दाबलेलीच वाटते. कळ मोकळी करून, तो भाग वाळवून कीबोर्ड पुन्हा जोडावा. तो परतला तरी तुम्ही ठरवलेली कळांची मांडणी पुसली गेलेली असू शकते. ती पुन्हा भरावी लागेल.

१८. साफ केल्यानंतर आठवडाभर उत्तम चालला आणि मग अचानक ओळखेनासा झाला. सफाईचा याच्याशी संबंध असेल का?

बहुधा असतोच. नळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि पाणी उडून गेले तरी ते बोर्डवर राहतात. हवेतला दमटपणा त्यांना ओलसर करायला पुरतो. कीबोर्ड जोडलेला असताना शेजारच्या दोन रेषांमध्ये सतत काही व्होल्टचा फरक असतो. ओलसर क्षारांतून धातूचे कण एकीकडून दुसरीकडे सरकतात, एक रेष कुरतडली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी धातूचा बारीक फाटा वाढून नको तिथे जोडणी होते. तांब्यावर हिरवट-पांढरी पूड आणि मेम्ब्रेनच्या चांदीच्या शाईवर काळे डाग ही त्याची खूण आहे. साखरेचे पेय सांडल्यावर कीबोर्ड घाईने पुसला असेल, तर हीच प्रक्रिया आणखी लवकर घडते.

कीबोर्ड उघडून पूड ब्रशने आणि शुद्ध अल्कोहोलने काढावी, नंतर संशयित रेषा मल्टिमीटरने तपासाव्यात. बोर्डवरची रेष तुटली असेल तर तिच्या दोन टोकांना बारीक तार डाग देऊन जोडता येते. मेम्ब्रेनवर डाग देता येत नाही, त्या उष्णतेने पापुद्राच वितळतो. तेथे वाहक रंगाची रेघ ओढून, ती पूर्ण वाळल्यावर कीबोर्ड जुळवावा. पण कीबोर्ड ओळखलाच जात नसेल आणि कंट्रोलरच्या चिपचेच पाय खाल्ले गेले असतील, तर साध्या मेम्ब्रेन कीबोर्डवर आणखी कष्ट घेण्यात अर्थ नाही. मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच आणि कीकॅप (कळांवरच्या टोप्या) मात्र अशा वेळीही काढून ठेवावेत. ते त्याच आकाराच्या दुसऱ्या बोर्डवर चालतात.